नाव काय या झाडाचं?

फेब्रुवारी संपत आला की आपल्या इन्स्टा फीडवर एक रील हमखास येते. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे, विक्रोळीच्या आसपास, दोन्ही बाजूंना गुलाबी फुलांनी लगडलेली झाडं आणि खाली कॅप्शन, ‘धिस इज नॉट जपान, गाइज!’ लाइक्सचा पाऊस. त्याच हायवेवर सकाळी नऊ वाजता ठाण्याहून बीकेसीला निघालेली आपली कॅब अडकलेली असते, खिडकीबाहेर तीच झाडं असतात आणि आपण मान खाली घालून त्याच झाडांची रील बघत असतो. भारी ना?

त्या झाडाचं नाव वसंत राणी. मूळची मध्य अमेरिकेकडची. बहर येण्याआधी पानं गाळते आणि मग एकदम गुलाबी होते. जपानशी तिचा काडीचा संबंध नाही. पण तिच्यामुळे एक गोष्ट कबूल करायलाच लागते बॉस, मुंबईत वसंत येतो! ‘मुंबईत तीनच ऋतू, उकाडा, पावसाळा आणि जरा कमी उकाडा’ हा जोक आपण पिढ्यान्‌पिढ्या मारत आलोय. पण फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत जरा मान वर करून बघा. पिंपळाला तांबूस, प्लास्टिकसारखी चकचकीत पानं फुटतात. सोसायटीतला करंज पोपटी होतो. दुपारच्या सामसूम गल्लीत कुणीतरी तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारावी तसं ‘टुक टुक टुक’ ऐकू येतं. तो तांबट पक्षी. आणि पहाटे पाचला ओरडून आपली झोप मोडणारी ती कोकिळा नव्हे, कोकीळ! गातो तो नर. मादी ठिपक्याठिपक्यांची, तपकिरी असते आणि ती कावळ्याचं घरटं शोधण्याच्या कामात बिझी असते. आपल्या सिनेगीतांनी सगळं क्रेडिट भलत्याच व्यक्तीला दिलंय.

तर मंडळी, या आठवड्याचा आपला विषय आहे वॉक. ट्रेडमिलवरचा नव्हे आणि स्मार्टवॉचमधल्या दहा हजार पावलांचाही नव्हे. रविवारी सकाळी कुणीतरी जाणकार पुढे, मागे पंधरा-वीस जण, त्यात आई-बाबा, आजी, शाळकरी पोरं, आणि दोन-अडीच तास झाडं, पक्षी, जुन्या इमारती बघत रमतगमत चालणं. नेचर ट्रेल म्हणा, हेरिटेज वॉक म्हणा. वसंतात त्यांचा सीझन जोरात असतो, कारण एप्रिलच्या शेवटी सकाळी नऊलाच घामाच्या धारा लागतात आणि जूननंतर छत्री सांभाळायची की दुर्बीण हा प्रश्न पडतो.

‘सुटीच्या दिवशी पुन्हा सहाला उठायचं? वेडीबिडी आहेस का?’ हा प्रश्न मला ऑफिसला जाणाऱ्या प्रत्येक मित्राने विचारलाय. म्हणून आधी तीन ठिकाणं सांगते. पटलं तर अलार्म लावा.

राणीच्या बागेत राणी कोण?

भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरलात की चालत दहा मिनिटांवर. आपल्यापैकी प्रत्येकाचा इथला एक फोटो घरच्या अल्बममध्ये असतोच, बाबांच्या खांद्यावर बसून हत्ती बघताना. आता पोरं येतात ती पेंग्विन बघायला. ते २०१७ पासून लोकांसाठी खुले झाले. पेंग्विनच्या रांगेत एक तास आणि काचेसमोर तीन मिनिटं, एवढं करून बहुतेक कुटुंबं घरी जातात. ज्या गोष्टीसाठी ही जागा मुळात बनली, ती मात्र न बघताच!

ही बाग १८६२ सालची. आधी बाग आणि मग प्राणी, असा क्रम. व्हिक्टोरिया राणीच्या नावाची म्हणून ‘राणीची बाग’. पुढे नाव बदलून वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालं, तरी मुंबईकरांच्या तोंडी ती राणीची बागच राहिली. जिजाऊसुद्धा राणीच होत्या, त्यामुळे नाव बदलूनही ते बदललं नाही असं म्हणायला हरकत नाही. आत तीन हजारांच्या वर झाडं आहेत आणि जाती अडीचशेहून जास्त.

मार्चमध्ये इथल्या ट्री वॉकला गेलात तर पहिला धक्का अशोकाचा बसतो. आपल्या सोसायटीच्या भिंतीलगत उंच, सडपातळ, खाली झुकलेल्या पानांची झाडं असतात ना, ज्यांना आपण जन्मभर अशोक म्हणतो? तो अशोक नव्हेच. तो आसुपालव, म्हणजे खोटा अशोक. खरा सीता अशोक बुटका, डेरेदार असतो आणि याच दिवसांत फांद्याफांद्यांवर केशरी-लाल फुलांचे झुबके धरतो. पुढे उर्वशी भेटते. मूळची म्यानमारची, लालभडक फुलं झुंबरासारखी खाली सोडणारी. मग कैलासपती. याची फुलं थेट खोडावर येतात आणि आत डोकावलं तर नागाच्या फण्याखाली शिवलिंग असावं तसा आकार दिसतो. म्हणून नाव अस्सल देशी, पण झाड दक्षिण अमेरिकेचं! आणि गोरखचिंच. आफ्रिकेतून आलेली, पोटात पाणी साठवणारी, इतकी जाडजूड की पाच-सहा पोरांनी हात धरून कडं करावं. पोरं करतातच.

इतिहासाची आवड असलेल्यांनाही इथे फुल टू मेजवानी आहे. बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. जगन्नाथ शंकरशेट, भाऊ दाजी आणि जॉर्ज बर्डवुड अशा मंडळींच्या खटपटीतून उभं राहिलेलं आणि २ मे १८७२ ला लोकांसाठी उघडलेलं. त्याच्या बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. हा घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे इथे आणून १९१४ मध्ये पुन्हा जोडले. आणि काळा घोडा? फोर्टातल्या ज्या चौकाला अजून आपण काळा घोडा म्हणतो, तिथला मूळ पुतळा, सातव्या एडवर्डसकट, १९६५ मध्ये तिथून हलवला. तो याच बागेत आहे. चौकात २०१७ पासून उभा आहे तो नवा घोडा, बिनास्वाराचा. पोरांना ही गोष्ट सांगा, पुढच्या वेळी काळा घोडा फेस्टिव्हलला तीच तुम्हाला लेक्चर देतील.

एक गोष्ट मात्र या वॉकमध्ये आवर्जून विचारा. २००७ च्या सुमाराला प्राणिसंग्रहालय ‘इंटरनॅशनल’ करायचा भलामोठा आराखडा आला. बागेत झाडं शिकायला येणाऱ्या काही नागरिकांच्या लक्षात आलं की यात झाडांचं काय होणार, हे कुणी नीट मोजलेलंच नाही. त्यांनी झाडांच्या नोंदी केल्या, हेरिटेजचा मुद्दा लावून धरला, पत्रं लिहिली, बागेत लोकांना फिरवून झाडं दाखवायला सुरुवात केली. मूळ आराखडा होता तसा पुढे सरकला नाही. म्हणजे आज आपण जो ट्री वॉक करतो, त्याच्यामागे एक भांडण आहे. छंद म्हणून सुरू झालेली गोष्ट अशी कामाला येते.

कान्हेरी: कल्याण फास्ट, दोन हजार वर्षांपूर्वीची

दुसरं ठिकाण बोरिवलीचं नॅशनल पार्क. साधारण १०४ चौरस किलोमीटरचं जंगल, चारही बाजूंनी आपण. विहार आणि तुळशी हे दोन तलाव याच जंगलाच्या कुशीत, एक १८६० चा आणि दुसरा १८७९ चा. गेटपासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर आत. मार्चमधला तो रस्ता म्हणजे नुसता रंगांचा बाजार! काटेसावर बिनपानांची, लाल फुलांनी भरलेली. त्या फुलांच्या वाट्यांत मध प्यायला साळुंक्या, पोपट, कावळे, खारी अशी सगळी गिऱ्हाइकं. पळस पेटलेला. पांगारा पेटलेला. आणि कुसुमला फुटलेली कोवळी पानं इतकी लाल की लांबून तीच फुलं वाटावीत.

गेल्या वर्षी मार्चमध्ये इथल्या एका वॉकला होते तेव्हाची गोष्ट. गाइड पंचविशीतला मुलगा, बॉटनीत एमएस्सी केलेला. कुसुमखाली उभा राहून लॅटिन नाव, कुळ, पानांचा रंग लाल का असतो हे सगळं छान सांगत होता. मागे एक काकू होत्या, साठीच्या, मुलगा-सून-नातीबरोबर आलेल्या. मुलगा मालाडच्या एका आयटी कंपनीत. काकू गावाहून दोन महिन्यांसाठी आलेल्या आणि तोपर्यंत एक शब्द बोलल्या नव्हत्या. एकदम म्हणाल्या, ‘अरे बाळा, ही तर आमची कोशिंब. याची फळं आंबट लागतात. मीठ लावून खायचो आम्ही.’ गाइडचे डोळे चमकले. ‘आजी, अजून सांगा ना!’ मग काय विचारता! पळसाच्या पानांच्या पत्रावळी कशा टाचायच्या, आपटा आणि कांचन यात फरक काय, करवंदाची जाळी फुलली की किती दिवसांनी डोंगरची काळी मैना तयार होते, काकूंनी उरलेला अर्धा वॉक स्वतःच घेतला. नात त्यांचा हात सोडायला तयार नव्हती. सुनेने फोनवर रेकॉर्डिंग लावलं.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपल्यातल्या कितीतरी जणांचे आई-बाबा आपल्याकडे राहायला येतात आणि चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर बसून राहतात. वाय-फायचा पासवर्ड, ओव्हनचं बटण, लिफ्टचं कार्ड, प्रत्येक गोष्ट ते आपल्याला विचारतात. आपण सांगतो, कधी कधी वैतागून सांगतो. शहरात त्यांना येतं असं काहीच नाही, असा हळूहळू त्यांचाही समज होतो आणि आपलाही. त्या सकाळी कोशिंबीच्या झाडाखाली सगळा ग्रुप काकूंना विचारत होता.

आता लेण्यांकडे. शंभराहून जास्त लेणी, इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजारेक वर्षं इथे भिक्खूंची वस्ती होती. तीन नंबरच्या लेण्यातल्या चैत्यगृहाच्या दारात बुद्धाच्या दोन भव्य मूर्ती आहेत, साधारण सात मीटर उंच. पण सेल्फी काढून निघू नका. भिंतींवरचे लेख कुणाकडून तरी समजून घ्या. ही लेणी राजेमहाराजांच्याच पैशाने झाली असं नाही. देणगीदारांमध्ये कल्याणचे, सोपाऱ्याचे लोक आहेत. व्यापारी आहेत, सोनार आहेत, लोहार आहेत. म्हणजे आपल्यासारखीच कमावती माणसं! दोन हजार वर्षांपूर्वीही कल्याण आणि नालासोपाऱ्याची मंडळी या दिशेने येत होती, फक्त फोर्थ सीटसाठी भांडत नव्हती. आणि त्यांनी ठेवलेली ‘अक्षयनीवी’ वाचलीत तर थक्क व्हाल. मुद्दल कायम ठेवायची आणि व्याजातून भिक्खूंच्या वस्त्रांचा वगैरे खर्च भागवायचा. फिक्स्ड डिपॉझिट! दगडात कोरलेलं असल्यामुळे मोडायची सोय नाही.

आणखी एक खास गोष्ट नव्वद नंबरच्या लेण्यात आहे. तिथे पहलवी लिपीतले लेख आहेत, इ.स. १००९ आणि १०२१ सालचे. लेणी बघायला आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावं कोरून ठेवली. हजार वर्षांपूर्वीचं ‘वी वेअर हिअर’! तुम्ही मात्र कोरू नका हं. तेव्हाच्याला शिलालेख म्हणतात, आताच्याला दंड होतो.

पोरांना सगळ्यात जास्त आवडतात ती पाण्याची टाकी. जवळजवळ प्रत्येक लेण्याला कातळात कोरलेली पोढी आहे आणि तिच्यापर्यंत पावसाचं पाणी आणणारे दगडी पन्हळ. टँकर नाही, मोटर नाही, पावसाचं पाणी डोंगरातच साठवायचं. आपल्या सोसायटीत मार्चपासून पाणीकपातीचे व्हॉट्सअ‍ॅप सुरू होतात. त्या पार्श्वभूमीवर ही टाकी दाखवा, सात वर्षांच्या पोरालाही समजतं.

कचऱ्यावर उगवलेलं जंगल

तिसरं ठिकाण सायन-वांद्रे लिंक रोडवर, धारावीला चिकटून, मिठी नदीच्या काठी. महाराष्ट्र निसर्ग उद्यान. रोज याच्या बाजूने हजारो लोक बीकेसीला जातात आणि बहुतेकांना आत काय आहे ठाऊक नसतं. इथे एके काळी शहराचा कचरा टाकला जायचा. डम्पिंग ग्राउंड! ते बंद झालं, माती पसरली, झाडं लावली, जगवली आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं. आज ३७ एकरांवर दाट झाडी आहे. वाटेवरून चालताना पायाखाली कचऱ्याचे थर आहेत, यावर विश्वास बसत नाही.

लहान मुलांना घेऊन पहिल्यांदाच वॉकला जाणार असाल तर मी हेच सुचवेन. अंतर कमी, सावली भरपूर, जमीन सपाट, आजीआजोबांच्या गुडघ्यांना त्रास नाही. कान्हेरीत पायऱ्या आहेत आणि दगड तापतो. राणीच्या बागेत पाय दुखेपर्यंत चालणं होतं. इथे दीड तासात आटोपतं आणि पोरं कंटाळायच्या आत नाश्त्याला पोहोचता येतं.

फ्लेमिंगोंचं वेड असेल तर ऐरोलीला जा. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तिथून बोटीने खाडीत नेतात. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, तुमच्या रविवारच्या झोपेवर नाही, त्यामुळे आधी चौकशी करून बुकिंग करा. उन्हाळा सरत आला की पाहुणे निघून जातात.

हे सगळं कशाला?

आता खरा प्रश्न. माहिती तर गुगलवरही मिळते. झाडाचा फोटो काढला की नाव सांगणारी अ‍ॅप्स आहेत. मग पैसे भरून, झोप मोडून, अनोळखी माणसांबरोबर फिरायचं कशाला?

एक उदाहरण सांगते. माझी मोठी बहीण मुलुंडला राहते. तिची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. एक दिवस कंपाउंडमधल्या झाडांवर कागद लागले. आपल्याकडे १९७५ चा झाडं जतन करण्याचा कायदा आहे. त्यानुसार झाडं तोडायची असतील तर आधी नोटीस लावून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना ‘हेरिटेज ट्री’ म्हणून वेगळं स्थानही दिलं. पण हरकतीसाठी मिळतात थोडेच दिवस. आणि त्या दिवसांत बिल्डिंगच्या ग्रुपवर चर्चा काय, तर नव्या किचनला ग्रॅनाइट मिळणार की क्वार्ट्झ!

कंपाउंडच्या मधोमध एक मोठं झाड होतं. बारा वर्षं सगळे त्याला ‘कचरा करणारं झाड’ म्हणायचे, कारण ताटाएवढी पानं सतत खाली पडायची. माझा भाचा तेव्हा सात वर्षांचा. त्या मोसमात तो आमच्याबरोबर दोन वॉकना आला होता. त्याने एक पान उचललं, उलटं केलं, खालची मऊ तपकिरी लव बघितली आणि आईला म्हणाला, ‘हा मुचकुंद आहे. राणीच्या बागेत दाखवला होता.’ बस, एवढंच. पण ताई सांगते, त्या वाक्यानंतर खाली उभी असलेली माणसं वर बघायला लागली. मग दुसऱ्या झाडाचं नाव काय, तिसऱ्याचं काय, ते कोणी लावलं, कधी लावलं. तळमजल्यावरच्या आजोबांनी सांगितलं, भिंतीजवळचे दोन बकुळ त्यांच्या वडिलांनी बिल्डिंग नवी असताना लावले होते. हे त्यांच्या शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं.

चौदा कुटुंबांनी मिळून वृक्ष प्राधिकरणाकडे हरकत दिली. झाडांची नावं, घेर, कोण कुठे उभं आहे याचा हाताने काढलेला नकाशा, सगळं जोडून. पार्किंगचा रॅम्प थोडा सरकवता येतो का, हे आर्किटेक्टला विचारलं. तो सरकला. भिंतीजवळची तीन झाडं राहिली, त्यात ते दोन्ही बकुळ. मुचकुंद राहिला नाही. तो नव्या इमारतीच्या बरोबर मधे येत होता. भाच्याने ते पान अजून त्याच्या भूगोलाच्या वहीत ठेवलंय आणि तो अजून त्यावरून माझ्याशी भांडतो. ‘मावशी, तुम्ही लवकर का नाही विचारलंत त्याचं नाव?’ माझ्याकडे उत्तर नसतं.

तेव्हापासून मला वाटतं, नाव माहीत असणं ही क्विझमध्ये मार्क मिळवायची गोष्ट नाही. ज्याचं नाव ठाऊक नाही त्याच्यासाठी अर्जही लिहिता येत नाही. ‘एक मोठं झाड’ गेलं तर कुणाला काही वाटत नाही. मुचकुंद गेला तर वाटतं.

नाव विचारण्यावरून मुंबईतल्या एका पोराची गोष्ट आठवते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. खेतवाडीत मामांकडे वाढणाऱ्या या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे घरात कुणालाच सांगता येईना. मामांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. ही संस्था १८८३ ची. तिथले सचिव मिलार्ड यांनी त्या पोराला हाकललं नाही. चिमणीचं नाव सांगितलं आणि खण उघडून संस्थेतला पक्ष्यांचा संग्रह दाखवला. तो मुलगा म्हणजे सलीम अली. आपलं पोर सलीम अली होईल असं नाही आणि व्हायलाच हवं असंही नाही. पण त्याच्या प्रश्नावर ‘गुगल कर’ म्हणण्याऐवजी खण उघडून दाखवणारा माणूस त्याला एकदा तरी भेटायला हवा की नको? चांगला वॉक लीडर म्हणजे तोच माणूस. बीएनएचएस आजही वॉक आणि शिबिरं घेते, नॅशनल पार्कचे स्वतःचे निसर्ग ट्रेल असतात आणि शहरात हेरिटेज वॉक करणारे छोटे ग्रुपही बरेच आहेत.

वॉक निवडताना

ग्रुप केवढा ते आधी विचारा. वीसच्या पुढे गेला की मागच्यांना पुढचं ऐकू येत नाही आणि गाइड पोर्टेबल स्पीकर लावतो. जंगलात स्पीकर म्हणजे पक्षी गायब. असा वॉक टाळा.

सुरुवात किती वाजता ते बघा. मार्चमध्ये साडेसहा-सात उत्तम. ‘सकाळी दहा वाजता नेचर ट्रेल’ असं पोस्टरवर लिहिलेलं दिसलं तर समजून घ्या की आयोजकांना पक्षी नको आहेत, गर्दी हवी आहे.

मुलांसाठी वेगळं काही आहे का ते विचारा. आठ वर्षांच्या मुलाला ‘या वास्तूची शैली निओ-गॉथिक आहे’ यात काडीचा रस नसतो. त्याला हत्तीचे तुकडे कसे झाले ते ऐकायचं असतं.

वार लक्षात ठेवा. राणीची बाग आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद, नॅशनल पार्क सोमवारी.

कपडे मळखाऊ रंगाचे, बूट जुने, पाणी घरचं. परफ्यूम नको. फुलं तोडायची नाहीत, खाली पडलेली उचलायला हरकत नाही. घरटं दिसलं तर लांबूनच बघायचं आणि त्याचं लोकेशन टाकून पोस्ट करायची नाही. दुसऱ्या दिवशी तिथे चाळीस कॅमेरे जमतात आणि पक्षी घरटं सोडून जातो.

जमलं तर एक वही न्या. फोनमधले फोटो आपण परत कधी बघत नाही. मुलांना पान ठेवून भोवती पेन्सिल फिरवू द्या, खाली नाव लिहू द्या. आणि आईच्या किंवा आजीच्या कपाटात दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ असेल तर ते बाहेर काढा. १९५६ चं पुस्तक आहे. एकेका मराठी महिन्यावर एकेक लेख. आपण मार्च-एप्रिल म्हणतो त्याला तिथे फाल्गुन-चैत्र म्हणतात आणि झाडं तेच कॅलेंडर पाळतात.

सगळ्यात शेवटची टिप माझी स्वतःची. गाइडबरोबर एकदा जाऊन आलात की महिन्याभरात त्याच जागी गाइडशिवाय पुन्हा जा. घरच्यांना घेऊन. काय काय आठवतंय ते बघा. दहातली चार झाडं ओळखता आली तर सॉलिड झालं! उरलेली सहा पुढच्या वसंतात.

तोवर एक सोप्पा होमवर्क. उद्या ऑफिसला जाताना, तुमच्या बिल्डिंगच्या गेटबाहेर जे पहिलं झाड येईल, ज्याच्या सावलीत रोज कॅबची वाट बघता ना, तेच, त्याचं नाव शोधून काढा. वॉचमनकाकांना विचारा, इस्त्रीवाल्या भैयांना विचारा, आईला फोटो पाठवा. आणि खोडावर एखादा कागद लावलेला असेल तर तो थांबून वाचा. तारीख बघा. हरकतीची मुदत अजून संपलेली नसेल.